गृहभेट

जिल्ह्याच्या गावात वाढलेल्या माझ्या पिढीतल्या फार थोड्यांनी रिमांड होम आतून पाहिलं असेल, पण त्याची धमकी मात्र सगळ्यांनी ऐकलेली. शाळेला दांडी मारली, कुणाच्या खिडकीची काच फोडली, आजीच्या बटव्यातून चार आणे उचलले, की "थांब, रिमांडातच टाकते तुला" हे ठरलेलं. सत्तरचं दशक संपता संपता मी त्याच रिमांड होमात परिविक्षा अधिकारी म्हणून रुजू झाले, तेव्हा सासूबाईंनी शेजारणीला सांगितलं, "सूनबाईला कोर्टात नोकरी लागली." कोर्टाला निदान अब्रू होती.

तेही अगदीच खोटं नव्हतं. 1948 च्या मुंबईच्या मुलांच्या कायद्याखाली आमचं सगळं चालायचं. 16 वर्षांच्या आतलं ते मूल, त्याच्यासाठी बालन्यायालय वेगळं, आणि त्या न्यायालयाला मुलाच्या घरची खरी परिस्थिती कळावी म्हणून परिविक्षा अधिकारी. संस्था सरकारी नव्हती. 'जिल्हा परिविक्षा व अनुरक्षण संघटना' असं तिचं भारदस्त नाव, आणि कार्यकारिणीवर गावातले वकील, डॉक्टर, दोन-तीन व्यापारी. सरकार मुलामागे अनुदान द्यायचं, ते उशिरा यायचं, आणि तोवर पेठेतला वाणी उधारीवर ज्वारी द्यायचा. मुंबईत हाच संसार मोठा होता. माहीमची डेव्हिड ससून इंडस्ट्रियल स्कूल ही मूळची 1857 सालची संस्था. चिल्ड्रन्स एड सोसायटी 1927 साली निघाली, आणि डोंगरीला तिने मुलं ठेवली ती वास्तू म्हणजे जुना उमरखाडीचा तुरुंग. आमची इमारत तुरुंगाची नव्हती, एका जुन्या कारभाऱ्याचा वाडा होता. पण कुंपणाच्या भिंतीवर बाटल्यांच्या काचा लावलेल्या होत्याच.

पहाटे घंटा, प्रार्थना, कवायत, मग भाकरी-आमटी, मग शाळा. दुपारी मोठ्या मुलांना सुतारकाम, शिवणकाम. खाकी अर्धी चड्डी, पांढरा सदरा, डोकं भादरलेलं. उवा होतात म्हणून भादरायचं, हे कारण होतं. पळून गेलेला मुलगा बाजारात चटकन ओळखू यावा, हेही होतं. अधीक्षकांच्या टेबलावर छडी असायची आणि ती शोभेसाठी नसायची. आज लोक त्या शिस्तीच्या आठवणी काढतात, "त्या काळची पोरं कशी सरळ होती" म्हणतात, तेव्हा मी विषय बदलते. ती सरळ नव्हती, घाबरलेली होती.

तरीही एक गोष्ट आठवली की हसू येतं: तिथली पंगत. गावात कुणाच्या घरी वाढदिवस असो की पुण्यतिथी, रिमांड होमात जेवण घालायची पद्धत होती. महाळाच्या पंधरवड्यात तर आमच्या स्वयंपाकीणबाईंना चूल पेटवावी लागायची नाही. दाते यायचे, मुलं ओळीने बसायची, बुंदी, मठ्ठा, कधी श्रीखंड-पुरी. वाढायला दात्यांच्या घरच्या बायका. मग दाते मधोमध, मुलं आजूबाजूला, असा फोटो निघायचा आणि स्थानिक साप्ताहिकात छापून यायचा, खाली मुलांची नावं नसली तरी चेहरे स्वच्छ दिसायचे. त्यातल्या एका मुलाला पुढे एका दुकानदाराने त्याच फोटोवरून ओळखून नोकरी नाकारली होती. आता बाल न्याय कायद्याच्या 74 व्या कलमाने मुलाची ओळख उघड करायला बंदी आहे, छापली तर शिक्षा आहे. परवा एक ओळखीचे गृहस्थ नातवाच्या वाढदिवसाचं जेवण द्यायला बालगृहात गेले आणि फोटो काढू दिला नाही म्हणून रुसून परत आले. "आम्ही काय चोरी करतोय का?" असं त्यांचं म्हणणं. मुलं मात्र जेवली. बुंदीचं पातेलं गृहस्थांनी परत नेलं नव्हतं, एवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

ही मुलं कोण होती? धमकीतून जे चित्र डोक्यात बसलेलं असतं, तसली गुन्हेगार पोरं त्यात थोडी. एखाद्याने सायकल पळवलेली, एखाद्याने बाजारात खिसा कापलेला. बाकीची गरिबीने आणून सोडलेली. मी रुजू झाले तेव्हा 72 च्या दुष्काळात लहानपणी आत आलेल्या मुलांना मिसरूड फुटत होतं. पुढे 1982 चा गिरणी संप झाला, मुंबईची चाळ सोडून कुटुंबं गावाकडे आली, आणि गावात पाऊल न रुळलेली पोरं पुन्हा मुंबईच्या गाडीत बसून मिरजेला, पुण्याला, कल्याणला सापडू लागली. आणि विधवा. नवरा गेला, दिराने घराबाहेर काढलं, पदरात तीन पोरं. ती बाई स्वतःच्या पायाने चालत यायची. "बाई, थोरल्याला आत घ्या. दोन घास तरी पोटात जातील." कायद्याच्या भाषेत त्या मुलाला 'निराधार' दाखवून न्यायालयापुढे उभं करायचं आणि मान्यताप्राप्त शाळेत धाडायचं. आई दारात उभी, मूल निराधार. त्या बाईला महिन्याला थोडे पैसे हातात दिले असते तर मुलगा घरीच राहिला असता आणि सरकारला स्वस्त पडलं असतं, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. पण पैसे मुलाला संस्थेत ठेवण्यासाठी होते, घरात ठेवण्यासाठी नव्हते.

त्याच्याही आधीच्या काळात म्हणजे संस्थाही नसताना काय होतं? नातं होतं. आई-बाप गेले की मामाच्या घरी पोर जायचं. बहिणीला मूल नसलं की दुसरी बहीण आपलं धाकटं तिच्या ओटीत घालायची, ना कागद ना सही. माझे वडील वार लावून शिकले. सोमवारी वकिलांकडे, मंगळवारी भिक्षुकांकडे, असे सात घरचे सात वार. शनिवारचं घर त्यांना आवडायचं, कारण तिथल्या काकू ताकाला फोडणी द्यायच्या. बुधवारच्या घराबद्दल ते कधीच बोलले नाहीत. वाराच्या जेवणाचे गोडवे गाणारे लोक एक विसरतात, की ही सोय ठरावीक जातींच्या ठरावीक मुलांची होती. बाकीच्यांना कोण ओसरीवर बसवणार होतं? राजर्षी शाहूंनी 1901 पासून कोल्हापुरात एकेका जातीसाठी बोर्डिंगं काढली आणि भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली, एका पंगतीला बसवली, ती याच कारणाने. आणि जी बाळं नात्यालाच नको होती त्यांचं काय? 1863 साली जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. विधवेने यावं, बाळंत व्हावं, मूल घेऊन जावं किंवा ठेवून जावं. तिथेच काशीबाईला मुलगा झाला, तो 1874 मध्ये फुले दांपत्याने दत्तक घेतला, आणि तोच पुढे डॉक्टर यशवंत. पंढरपूरचा बालकाश्रमही त्याच दशकातला, 1875 चा. वारीच्या गर्दीत, वाळवंटात सोडलेली बाळं पाहून लालशंकर उमियाशंकर या गुजराती न्यायाधीशाने तो काढला. विठोबाच्या गावात बाळ टाकायला यावं लागत होतं, एवढी नात्यांची ऊब त्या काळात होती!

तेव्हा मला जुन्या काळातल्या प्रेमळ समाजाची आठवण येते असं कुणी समजू नये. मला आठवण येते ती एका फार रुक्ष सरकारी कामाची. त्याला गृहभेट म्हणत.

मूल न्यायालयापुढे आलं की त्याच्या घरी जाऊन चौकशी अहवाल लिहायचा. त्याचा छापील नमुना होता. घराची परिस्थिती, उत्पन्न, कुटुंबातील व्यसने, बालकाच्या सवयी, संगत, शेजाऱ्यांचे मत, शिफारस. नमुना अगदी कोरडा, पण तो भरायला लाल एसटीने जावं लागायचं. गाव आडवळणी असलं तर मुक्कामाची गाडी, म्हणजे रात्री तिथेच पोलीस पाटलाच्या किंवा शाळेतल्या बाईंच्या घरी. घरात शिरलं की आधी पाणी मागायचं. पाणी कशातून आलं, तांब्यातून की डालड्याच्या डब्यातून, यावर उत्पन्नाचा रकाना निम्मा भरायचा. चूल कधीची पेटलेली आहे ते राखेवरून कळायचं. दावणीला जनावर आहे की नुसता खुंटा. पोराचं दप्तर खुंटीला आहे की माळ्यावर. आजी कुणाकडे पाहून बोलते आणि कुणी आलं की गप्प होते.

मास्तर सांगायचे, "पोरगं वांड आहे." पोलीस पाटील सांगायचे, "बाप पितो." दोन्ही खरं असायचं आणि दोन्हीत काही नसायचं. खरी गोष्ट कळायची पाणवठ्यावर, शेजारणीकडून, हंडा डोक्यावर घेता घेता. "पोरगं पळंल न्हाई तर काय करंल, बाई? सावत्र आई जेवायला वाढत न्हाई असं न्हाई, पर वाढताना मोजती." हे वाक्य अहवालात बसत नव्हतं. मी ते 'सापत्नभाव आढळला' असं लिहिलं. न्यायाधीश मात्र चांगले होते. ते चष्म्यावरून पाहून विचारायचे, "म्हणजे नक्की काय आढळलं?" मग मी ते वाक्य सांगायची.

मुलगा घरी सोडला तरी काम संपायचं नाही. देखरेखीचा हुकूम असायचा. दर महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तेच गाव. चौथ्या-पाचव्या भेटीला घरातली माणसं तुम्हाला पाहुणा समजायचं सोडतात आणि तुमच्यासमोर भांडायला लागतात. तिथून पुढे तुमचा उपयोग सुरू होतो. शेत बापाने गहाण टाकलंय, म्हणून पोरगं शाळा सोडून हॉटेलात कपबशा विसळतंय, हे कुणी पहिल्या भेटीत सांगत नाही.

मुलांचा घराशी संबंध राहायचा तो 15 पैशांच्या पोस्टकार्डावर. महिन्याला एक. लिहिता न येणाऱ्यांचं मी लिहून द्यायची. "तीर्थरूप आईस सा. न. वि. वि., मी खुशाल आहे." खुशाल नसला तरी खुशाल, कारण कार्ड अधीक्षक वाचायचे. हरवलेल्या मुलाचा शोध म्हणजे पोलीस ठाण्यात नोंद, वर्तमानपत्रात फोटो आणि पुढे दूरदर्शनवर 'आपण यांना पाहिलंत का?' ती संध्याकाळची वेळ आमच्या मुलांना प्रिय. पडद्यावर कुणी ओळखीचं दिसतंय का, हा त्यांचा खेळ असे. एकदा एकाने खरंच बोट दाखवून सांगितलं, "बाई, ह्यो बघा, ह्यो माझ्या शेजारी झोपतो." शेजारी झोपणाऱ्याने आत येताना नाव, गाव, बापाचं नाव सगळं खोटं सांगितलेलं.

आता ते दिवस संपले, आणि बरंच झालं. 1986 साली सबंध देशाला एक कायदा आला, 2000 साली तो नव्याने झाला, आणि 2015 चा आज लागू आहे. प्रत्येक वेळी मला नवी पुस्तिका पाठ करावी लागली. कुरकुर केली, पण प्रत्येक पुस्तिका आधीच्यापेक्षा मुलाच्या जवळ सरकलेली होती. वय 18 झालं, मुलगे-मुली दोघांसाठी. गुन्ह्याच्या आरोपातली मुलं बाल न्याय मंडळाकडे आणि काळजी-संरक्षणाची गरज असलेली बालकल्याण समितीकडे, म्हणजे खिसा कापणारा आणि भुकेला यांना एकाच दारातून आत घ्यायची पद्धत निदान कागदावरून गेली. समितीत एक अध्यक्ष, चार सदस्य, त्यांत किमान एक स्त्री. सापडलेलं मूल प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत त्यांच्यापुढे आलं पाहिजे. कोठडीत ठेवायचं नाही. पोलीस गणवेशात नको. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला हवालदार पोराच्या मनगटाला सुतळी बांधून एसटीतून आणायचा आणि सुतळीचं दुसरं टोक स्वतःच्या पट्ट्याला बांधून झोपायचा, हे पाहिलेल्या माणसाला या ओळींची किंमत कळते.

आणि मुलाला विचारतात. समितीच्या टेबलापुढे त्याला खुर्ची असते. "तुला कुठे राहायचंय?" हा प्रश्न आमच्या छापील नमुन्यात कुठेच नव्हता. शेजाऱ्यांच्या मताला रकाना होता, मुलाच्या मताला नव्हता.

फोनचंही तसंच. 1996 साली मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या आधाराने, जेरू बिलिमोरिया यांनी चाइल्डलाइन सुरू केली. दहा-नऊ-आठ. स्टेशनवर राहणारं मूल पैसे न टाकता फोन लावू शकतं, हेच तेव्हा नवल होतं. पुढे ती देशभर पसरली आणि 2023 पासून शासनाच्या महिला व बालविकास यंत्रणेने हा नंबर आपल्याकडे घेतला, 112 शी जोडला. हरवलेलं मूल असेल तर 2013 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गुन्हा दाखल करावाच लागतो. "दोन दिवस वाट बघा, येईल परत" असं म्हणून आईला ठाण्यातून परत पाठवता येत नाही. येत नसावं, असं म्हणू.

सगळ्यात मोठा फरक मी ज्या विषयावर कधीच काही लिहू शकले नव्हते, त्यात झाला. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एक मुलगी आत आली होती, वारंवार घरातून पळणारी. 'स्वभाव चंचल' असा तिच्यावर शेरा होता. तिने मला काय सांगितलं ते इथे लिहीत नाही. तिच्या घरातला जो माणूस होता, त्याला बोलावून 'समज' देण्यात आली आणि मुलगी त्याच घरी परत गेली. त्या वेळी मुलांवरच्या अशा अत्याचारांना पुरेसं नावही कायद्यात नव्हतं. 2012 च्या पॉक्सो कायद्याने ते दिलं. जबाब मुलीच्या घरी किंवा तिला हवा तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, साध्या कपड्यांत. न्यायालयात आरोपी तिच्या नजरेसमोर नको. सोबत आधार देणारी व्यक्ती. याची दुसरी बाजू मला दिसत नाही असं नाही. 17 वर्षांची मुलगी आवडत्या मुलाबरोबर निघून जाते, बाप पॉक्सो लावतो, मुलगा आत, आणि घरी जायचं नाही म्हणणारी मुलगी बालगृहात 18 पूर्ण होण्याची वाट पाहत बसलेली. अशा मुली आज बालगृहातल्या काळजीवाहक मावश्यांना विचारा, किती आहेत. पण त्यासाठी कायदा जुना होता तसा हवा होता, असं माझ्यासमोर कुणी म्हणू नये.

एक तुलना मात्र मी मनातल्या मनात पुन्हा पुन्हा करते. 30 सप्टेंबर 1993, किल्लारीचा भूकंप. त्या वेळी सगळा महाराष्ट्र हळहळला आणि जो तो मुलं मागू लागला. आमच्या कार्यालयात लोक थेट यायचे, "एक मुलगी द्या, पाच वर्षांच्या आतली." चांगली माणसं होती ती, रडत होती. भारतीय जैन संघटनेने सुमारे 1,200 मुलं पुण्याला आणली, वाघोलीला त्यांचं शिक्षण झालं, आणि त्यांतली कित्येक आपल्या पायावर उभी राहिली. तेव्हाची रीत ती होती: संकट आलं की मुलाला तिथून उचलून चांगल्या ठिकाणी न्यायचं. मग 2021 ची कोविडची दुसरी लाट. व्हॉट्सॲपवर पुन्हा तेच, "दोन मुली, आई-बाप दोघे गेले, कुणाला दत्तक हव्या असतील तर या नंबरवर." या वेळी मात्र दुसऱ्या दिवशी शासनाचा इशारा: असं मूल देणं-घेणं गुन्हा आहे, मूल समितीपुढे आणा. जिल्ह्याजिल्ह्यात कृती दलं नेमली, घरोघर याद्या झाल्या, आणि बहुतेक मुलं आत्याकडे, काकाकडे, आजीकडे, नाहीतर मागे राहिलेल्या आईकडेच राहिली. दोन्ही पालक गेलेल्या मुलाच्या नावे राज्याने 5 लाखांची मुदत ठेव केली. एक पालक गेलेल्यांना बालसंगोपन योजना.

ही बालसंगोपन योजना म्हणजे मला माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवसापासून हवी असलेली गोष्ट. मूल संस्थेत न ठेवता नातेवाइकाकडे किंवा एकट्या आईकडे ठेवा आणि त्याच्या खर्चाला पैसे द्या. कित्येक वर्षं महिन्याला 425 रुपये मिळायचे, मग 1,100 झाले, 2023 पासून 2,250 आहेत आणि योजनेला सावित्रीबाईंचं नाव आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचे 4,000 आहेत, ग्रामीण भागात कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 72,000 च्या आत असेल तर. 72,000 म्हणजे महिन्याला 6,000. रोज मजुरीला जाणारी बाई वर्षभर काम मिळालं तर त्या रेषेपलीकडे जाते, आणि वर्षभर काम मिळत नाही हे तहसीलदाराच्या दाखल्यावर कसं दाखवायचं ते तिला माहीत नसतं. तरीही, जी बाई पूर्वी मुलाला 'निराधार' करायला आमच्या दारात यायची, ती आता मुलाचं बोट धरून फॉर्म भरायला येते. हा बदल मी डोळ्यांनी पाहिला. गणवेश, चपला, शिकवणीची फी, आणि एकीने मला सांगितलं तसं, "दिराचं तोंड बंद करायला." घरात पैसे आणणाऱ्या मुलाला कुणी हाकलत नाही.

पैसे मात्र नियमित येत नाहीत. पाच-सहा महिन्यांचे एकदम पडतात, तोवर आई उसनवारी करते. आणि अर्जाला जोडायचे कागद बघा: मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, आधार, बँक पासबुक, आणि घरासमोर मुलासह पालकाचा फोटो. हा फोटो बघून मी थबकले. नीट पाहिलं तर आमच्या गृहभेटीची जागा त्याने घेतली आहे. घराचं दार दिसतं, पत्रा दिसतो, आई-मूल हात जोडल्यासारखे उभे. राख दिसत नाही.

नियमांत गृहभेट आजही आहे, सामाजिक तपासणी अहवाल आजही लागतो. माणसं नाहीत. जिल्हा बाल संरक्षण कक्षात जिल्हाभरासाठी दोन सामाजिक कार्यकर्ते आणि दोन क्षेत्र कार्यकर्ते असं गणित आहे, तेही कंत्राटी, दरवर्षी मुदतवाढीची वाट पाहणारे. आमच्या जिल्ह्यात डझनभर तालुके. गावोगाव ग्राम बाल संरक्षण समिती आहे, सरपंच अध्यक्ष आणि अंगणवाडी सेविका सचिव. बालविवाह रोखायची जबाबदारी ग्रामसेवकाची. पूर्वी हीच मंडळी तेराव्या वर्षी लागणाऱ्या लग्नाच्या पंगतीत मानाने पहिल्या ओळीत बसायची. आता 1098 वर निनावी फोन आला की त्यांना मांडवात जाऊन नाही म्हणावं लागतं आणि दुसऱ्या दिवशी त्याच गावात राहावं लागतं. अंगणवाडी सेविकेला याचे वेगळे पैसे मिळत नाहीत, शिव्या मिळतात.

गेल्या वर्षी या कक्षातला एक तरुण क्षेत्र कार्यकर्ता माझ्याकडे आला. समाजकार्याची पदवी घेतलेला, मोटरसायकल स्वतःची, पेट्रोलचं बिल अडकलेलं. टॅबवर फॉर्म भरतो, जागच्या जागी अक्षांश-रेखांशासह फोटो चढवतो, एका दिवसात सात घरं करतो. सात! मी दोन केली तरी धाप लागायची. त्याला जुने अहवाल वाचायचे होते, अभ्यासासाठी. अर्थात ते माझ्याकडे नाहीत आणि असते तरी दिले नसते, त्यातली मुलं आज पन्नाशीची आहेत आणि बऱ्याच जणांच्या बायकांनाही ते कुठे वाढले हे माहीत नाही.

तो जायला निघाला तेव्हा म्हणाला, "मॅडम, घरात गेल्यावर पहिला प्रश्न कोणता विचारायचा? आमच्या फॉर्मात पहिला प्रश्न उत्पन्नाचा आहे. तो विचारला की माणसं आवळून बसतात."

"प्रश्न नाही विचारायचा. पाणी मागायचं," मी म्हटलं. "बसायला घोंगडं टाकतील त्यावरच बसायचं, खुर्ची शेजारून आणू द्यायची नाही. चहा नको म्हणायचं नाही. दुधाचा आला की कोरा, ते बघायचं. आणि सातव्या घरी न जाता पहिल्याच घरी परत जायचं."

"आणि टार्गेट?"

"ते तुझ्या साहेबांना माझ्याकडे पाठव."

साहेब अजून आलेले नाहीत. तो मात्र मधूनमधून फोन करतो. परवा एका आजीने त्याला चहाबरोबर नातवाची खरी जन्मतारीख सांगितली म्हणे, शाळेच्या दाखल्यावरची नव्हे. आता ती कुठल्या रकान्यात लिहायची, असं विचारत होता.